शिंदखेडा तालुक्यातील मळ्यासाठी सौर आणि पवन अशी जोड व्यवस्था: आकार किती ठेवावा आणि पवनचक्की घ्यावी का?

मळेकर (शिंदखेडा तालुका) यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार. आमचे शेत गावठाणापासून साधारण तीन किलोमीटरवर आहे आणि गेल्या दिवाळीपासून आई-वडील मळ्यातच मुक्कामाला आहेत. सोबत सालदाराचे कुटुंबही राहते. शेतीच्या वाहिनीवर आम्हाला पाळीप्रमाणे वीज मिळते, एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री. पंपासाठी ते कसेबसे निभते, पण ज्या आठवड्यात दिवसाची पाळी असते त्या आठवड्यात सूर्य मावळला की घरात आणि गोठ्यात अंधार होतो. वडिलांचे वय सत्तरीच्या पुढे आहे, रात्री गुरांनी हंबरडा फोडला की ते बॅटरी घेऊन एकटेच गोठ्याकडे निघतात आणि आजूबाजूच्या शिवारात बिबट्याचे ठसे अनेकांनी पाहिलेले आहेत. घरगुती जोडणी घ्यायची तर बरेच खांब उभारावे लागतील, म्हणून स्वतंत्र व्यवस्था करण्याचे ठरवले आहे.

गरज अशी आहे: पाच एलईडी दिवे, दोन पंखे, एक टीव्ही, खळ्यात रात्रभर जळणारा एक मोठा दिवा, दोन कॅमेरे आणि त्यांचा राउटर, मोबाइल आणि रानडुकरांसाठी लावलेले झटका मशीन. जमल्यास कडबा कुट्टीही चालावी अशी वडिलांची इच्छा आहे. राहते घर जुने धाब्याचे (मातीच्या सपाट छताचे) आहे आणि शेजारी पत्र्याची एक खोली आहे.

एका विक्रेत्याने ५०० वॅटची पवनचक्की आणि ५०० वॅटचे पॅनल अशी 'एक किलोवॅट'ची जोड व्यवस्था सुचवली आहे. चक्की धाब्यावरच सहा मीटरच्या पाइपवर बसवू, बॅटऱ्या पत्र्याच्या खोलीत ठेवू, असे त्यांचे म्हणणे आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या फिरतात, मग तुमच्याकडे वारा कसा कमी पडेल, हा त्यांचा युक्तिवाद वडिलांना पटला आहे. मला मात्र खात्री वाटत नाही. पैसे एकदाच घालता येतील, म्हणून अनुभवी मंडळींनी स्पष्ट सांगावे ही विनंती.

तारजोड (जळगाव)

मळेकर दादा, मी विद्युत कामाचा परवानाधारक ठेकेदार आहे आणि यावल, चोपडा, शिरपूर या भागांत शेतघरांची कामे करतो. 'एक किलोवॅट' हा आकडा तूर्त बाजूला ठेवा. आधी रोज किती युनिट लागतात ते मोजू या, कारण पॅनल, बॅटरी आणि तार या तिन्हींचा आकार त्यावरूनच ठरतो.

पाच दिवे प्रत्येकी ९ वॅटचे आणि पाच तास, म्हणजे २२५ वॅट-तास. टीव्ही ५० वॅटचा तीन तास, १५०. कॅमेरे आणि राउटर मिळून २० वॅट धरले तरी ते चोवीस तास चालतात, म्हणून ४८०. खळ्यातला २० वॅटचा दिवा अकरा तास, २२०. मोबाइल आणि झटका मशीन मिळून १२०. आता पंखे पाहा. साधा पंखा ७५ वॅट घेतो. दोन पंखे दहा तास चालले तर १५०० वॅट-तास होतात, म्हणजे बाकी सगळ्या घरापेक्षा जास्त. तेच बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या डीसी मोटरचे) पंखे घेतले तर प्रत्येकी सुमारे ३० वॅटमध्ये काम भागते आणि हिशेब ६०० वर येतो. पॅनल वाढवण्याआधी पंखे बदला, हे मी प्रत्येक घरी सांगतो. पंख्यावर जादा घातलेले पैसे बॅटरीत लगेच वाचतात.

ही बेरीज साधारण १८०० वॅट-तास, म्हणजे १.८ युनिट झाली. यात लोक एक खर्च हमखास विसरतात, तो इन्व्हर्टरचा स्वतःचा. काहीही चालू नसले तरी मध्यम आकाराचा इन्व्हर्टर २० वॅटच्या आसपास खातो आणि चोवीस तासांत त्याचेच ४८० वॅट-तास होतात. तेव्हा रोजची गरज २.३ युनिट धरा. कॅमेरे, राउटर आणि खळ्यातला दिवा थेट डीसीवर चालवता आले, तर रात्री सर्वजण झोपल्यावर पंखे लागत नसतील त्या ऋतूत इन्व्हर्टर बंद ठेवता येतो.

पॅनलचा हिशेब मात्र मे महिन्यातील उन्हावर करू नका. खान्देशात उन्हाळ्यात पूर्ण ताकदीचे ऊन दिवसाला सहा तासांपर्यंत मिळते, पण जुलै-ऑगस्टमध्ये ते साडेतीन तासांच्या आसपास धरावे लागते. उष्णता, धूळ, तार, चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत नीट भरणारे यंत्र), बॅटरी आणि इन्व्हर्टर यांतील घट मिळून हातात ६५ टक्के येतात असे मानले, तर २.३ युनिटसाठी सुमारे १००० वॅटचे पॅनल लागते. विक्रेत्याच्या प्रस्तावातील ५०० वॅट पॅनल तुम्हाला पावसाळ्यात अर्धेच पुरेल आणि उरलेले अर्धे वाऱ्याने भरावे अशी त्यांची अपेक्षा दिसते. वाऱ्याबद्दल माळमाथ्याकडचे सदस्य अधिक अधिकाराने लिहितील. माझा सल्ला ५४० वॅटची दोन पॅनल घेण्याचा आहे.

पॅनलवर छापलेले वॅट हे आतल्या सौर पेशीचे तापमान २५ अंश असतानाचे असतात. आपल्याकडे हवा ४५ अंशांवर गेली की पॅनलची पेशी ७० अंशांच्या घरात जाते आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के उत्पादन कमी होते. म्हणजे भर उन्हाळ्याच्या दुपारी १५ टक्के वीज केवळ उष्णतेत जाते. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळला पाहिजे. दिशा दक्षिण ठेवा. कल किती ठेवावा याचे उत्तर सहसा 'अक्षांशाएवढा' असे दिले जाते, म्हणजे आपल्याकडे २१ अंश. पण मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो, आणि तुमची अडचण पावसाळ्याचीच आहे. मी १५ अंश ठेवतो. पावसाने धुऊन निघण्यास तो कल पुरतो आणि हिवाळ्यात थोडी घट आली तरी त्या दिवसांत आकाश निरभ्र असते व पंखेही बंद असतात.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तुमच्याकडे तीच होऊ शकते. काही वर्षांपूर्वी एका शेतघरावर मी दोन मोठी पॅनल एकामागे एक जोडली. प्रत्येकाचे खुले व्होल्टेज (काहीही भार नसतानाचे) ४९.५, दोन्ही मिळून ९९. कंट्रोलरची मर्यादा १०० व्होल्ट होती, म्हणून मी निर्धास्त होतो. ऑक्टोबरपासून सर्व सुरळीत चालले. जानेवारीत एका सकाळी पारा आठ अंशांवर उतरलेला असताना ऊन पॅनलवर पडले आणि कंट्रोलर जळाला. उष्णतेने जसे व्होल्टेज कमी होते, तसे थंडीने ते वाढते. प्रत्येक अंशामागे सुमारे ०.२७ टक्के वाढ धरली तर १७ अंशांच्या फरकाने ९९ चे १०३ च्या वर जातात. तो कंट्रोलर मी स्वखर्चाने बदलून दिला. आपल्याकडे उन्हाळा एवढा कडक असतो की थंडीचा हिशेब कोणी करत नाही, पण धुळे-जळगावची पहाट दहा अंशांखाली अनेकदा जाते. तुम्ही १५० व्होल्ट मर्यादेचा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) कंट्रोलर घ्या.

पॅनल एकामागे एक जोडण्याचे कारण तारेत आहे. पॅनल खळ्यात बसवली आणि तेथून बॅटरीच्या खोलीपर्यंत २५ मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन ५० मीटर तार होते. चार चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा तेवढ्या लांबीचा रोध पाव ओहमच्या जवळ जातो. दोन्ही पॅनल समांतर जोडली तर २६ अँपिअर वाहतात आणि ४१ पैकी साडेसहा व्होल्ट तारेतच संपतात. एकामागे एक जोडली तर प्रवाह १३ अँपिअर, आणि ८२ पैकी सव्वातीन व्होल्ट जातात. माल तोच, तार तीच, पण पहिल्या पद्धतीत १६ टक्के वीज वाटेत जाते आणि दुसरीत ४ टक्के. बॅटरीही १२ ऐवजी २४ व्होल्टची ठेवा.

आणि कृपया डीसीच्या बाजूला घरातला साधा एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच) लावू देऊ नका. एसी प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसीची ठिणगी ओढली जाते आणि धगधगत राहते. डीसीसाठीचा वेगळा एमसीबी मिळतो. जोडताना त्यावरील अधिक-उणे खुणा पाहाव्या लागतात.

माळमाथ्यावरून (साक्री तालुका)

जिभाऊ, पवनचक्की मी स्वतः चालवतो, म्हणून तुमच्या वडिलांना जे पटले आहे त्याविषयी लिहितो. वारा आहे यात खोटे काही नाही. ब्राह्मणवेलच्या परिसरात देशातील मोठ्या पवन प्रकल्पांपैकी एक उभा आहे आणि आमच्या माथ्यावरून ती पाती रोज दिसतात. परंतु त्या चक्क्या पठाराच्या कडांवर, साठ-सत्तर मीटर आणि त्याहून उंच मनोऱ्यांवर आहेत. तेथील वारा आणि तुमच्या धाब्यावरील सहा मीटर उंचीचा वारा हे एकाच गावचे असले तरी एका जातीचे नव्हेत. जमिनीजवळ झाडे, बांध, घरे, मका, ऊस सगळेच वाऱ्याला अडवतात आणि त्याचे भोवरे करतात. भोवऱ्यात चक्की फिरताना दिसते, दिशा सारखी बदलत राहते, पण वीज देत नाही.

वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाने वाढते, हे एक सूत्र समजले की बाकीचे सर्व समजते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, आणि निम्मा झाला तर आठवा भाग उरतो. दोन मीटर व्यासाच्या चक्कीच्या वर्तुळातून सेकंदाला चार मीटर वेगाचा वारा गेला तर त्यात एकूण ११५ वॅटच्या आसपास शक्ती असते. जगातील कोणतीही चक्की त्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक काढू शकत नाही, ही बेट्झ यांनी दाखवून दिलेली मर्यादा आहे. लहान चक्क्या प्रत्यक्षात पाव भाग काढतात. म्हणजे हाती तीस वॅटदेखील येत नाहीत. त्या चक्कीवर '५०० वॅट' लिहिलेले असते ते सेकंदाला दहा-अकरा मीटर वेगासाठी, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास. असा वारा तुमच्या अंगणात वर्षातून किती तास वाहतो, हे वडिलांनाच विचारा. शेतकऱ्याला ते ठाऊक असते.

मीही सुरुवातीला चक्की घरावरच बसवली होती. आमचेही घर धाब्याचे. पहिल्या जोराच्या वाऱ्यात पाइपमधून असा गुणगुणाट घरात उतरला की मुलांना झोप लागेना. आठ-दहा दिवसांत धाब्याची खारी माती कडीपाटाच्या फटींतून झिरपू लागली. माय चुलीवर वरण ठेवून भाकरी थापत होती आणि उघड्या पातेल्यात मातीचे कण पडत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले, आणि त्याच दिवशी चक्की उतरवली. पहिल्या पावसात पाइपच्या बुडाशी धाबे गळले ते निराळेच. धाब्यावर चक्की बसवू देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

आता माझी चक्की घरापासून दूर, टेकाडावर, १५ मीटरच्या ताण-तारांच्या खांबावर आहे. खांब बुडाशी बिजागरीवर आहे, त्यामुळे चार माणसे दोर लावून तो आडवा करू शकतात. मे महिन्यात वळवाची वादळे येतात, रावेर-यावलकडे केळीचे बागच्या बाग झोपतात, तेव्हा आभाळ भरून आले की मी खांब आडवा करतो. ज्या खांबाला खाली उतरवता येत नाही त्यावरील चक्कीची देखभाल कोणी करत नाही, असा माझा अनुभव आहे. जागेचा नियम असा की दीडशे मीटरच्या परिसरात जे काही सर्वांत उंच असेल, त्याच्याहून पात्याचे खालचे टोक नऊ-दहा मीटर वर असावे. तुमच्या बांधावर आठ मीटरचे निंब असेल तर खांब वीस मीटरच्या जवळ जातो. त्या खांबाचा, तारांचा आणि पायाचा खर्च विक्रेत्याच्या कागदावर आहे का, हे पाहा. अनेकदा तो चक्कीच्या किमतीहून अधिक असतो.

मग मी चक्की ठेवली तरी का? कारण आमच्या माथ्यावर जून ते ऑगस्ट नैर्ऋत्येचा वारा रात्रंदिवस वाहतो, आणि नेमके तेच दिवस पॅनल उपाशी असण्याचे. ढगाळ आठवड्यात रात्री दोन वाजताही बॅटरीत वीज शिरताना दिसते, हे समाधान मोठे आहे. पण ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत पाती कित्येक दिवस जवळजवळ स्थिर असतात. तेव्हा जोड व्यवस्थेचा खरा उपयोग पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा आहे आणि तोही माथ्यावर. तापीच्या खोऱ्यातील सपाट शेतात मी चक्कीसाठी एक रुपयाही घालणार नाही.

तुमचे शेत नेमके कोठे आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. टेकाड जवळ असेल तर घाई न करता एक पावसाळा आणि एक हिवाळा मोजा. वारा मोजण्याचे नोंद ठेवणारे लहान यंत्र मिळाले तर उत्तम. तोवर साधा उपाय असा: जवळच्या उंच देवळाचे निशाण सकाळ, दुपार आणि रात्री पाहून वहीत लिहा. झाडांची पाने आणि बारीक फांद्या सतत हलत असतील आणि हलके निशाण पसरलेले असेल, तर वारा सेकंदाला साडेतीन ते साडेपाच मीटरचा आहे. वहीत निम्म्याहून अधिक वेळा याच्या खालची नोंद आली, तर विषय तेथेच मिटवा.

आणखी एक सांगतो, कारण विक्रेते ते सांगत नाहीत. पॅनल बॅटरीपासून तोडले तर ते निवांत पडून राहते. चक्कीचे तसे नाही. बॅटरी भरल्यावर तिचा भार काढून घेतला तर ती मोकाट सुटते आणि पाती किंवा बेअरिंग गमावते. म्हणून जादा वीज जाळणारा रोधक भार तिच्या कंट्रोलरला कायम जोडलेला असावा लागतो आणि थांबवण्यासाठी तिच्या तिन्ही तारा एकत्र जोडणारे ब्रेकचे बटण असावे लागते.

पाड्यावरची शिक्षिका (अक्राणी)

वरील दोघांनी इतके नेमके लिहिले आहे की मी फक्त बॅटरीबद्दल भर घालते. सातपुड्यातील ज्या पाड्यावर मी शिकवते तेथे अनेक घरांत सौर दिवे आले, आणि बंद पडलेल्या दिव्यांपैकी बहुतेकांची पॅनल आजही ठणठणीत आहेत. मेल्या त्या बॅटऱ्या. कोणी त्यात डिस्टिल्ड वॉटरऐवजी झऱ्याचे पाणी घातले होते. कोणाच्या घरी दिवा मंद होऊन आपोआप विझेपर्यंत रोज जाळला जात असे. शाळेच्या बॅटऱ्या आम्ही पत्र्याच्या खोलीत ठेवल्या होत्या आणि त्या दुसऱ्या उन्हाळ्यातच फुगल्या. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर प्रत्येक दहा अंशांना जवळपास निम्मे होते, हे मला नंतर कळले. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी हात ठेवून पाहा, तेथे बॅटरी ठेवणे किती चुकीचे आहे ते सांगावे लागणार नाही.

लिथियम फॉस्फेट (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीला पाणी घालावे लागत नाही आणि ती ऐंशी टक्के वापरता येते, पण उष्णता तिलाही मानवत नाही. ४५ अंशांपुढे चार्ज करू नये असे अनेकांच्या पत्रकातच छापलेले असते. तुमच्याकडे धाब्याचे घर आहे, आणि उन्हाळ्यात त्याच्याएवढी थंड जागा मळ्यात दुसरी नसेल. बॅटरीची जागा तीच आहे. फक्त लेड-ॲसिड घेतली तर चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून झोपण्याच्या आणि चुलीच्या खोलीत ती नको, आणि वरच्या बाजूला झरोका हवा.

मळेकर (शिंदखेडा तालुका)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. माळमाथ्याच्या भाऊंचा धाब्याचा अनुभव मी वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'धाब्याला हात लावायचा नाही.' आमचे शेत सपाटीवर आहे, बांधावर निंब आणि बाभळी आहेत, आणि जवळ टेकाड नाही. त्यामुळे पवनचक्कीचा विचार सोडून दिला आहे.

आता तीन शंका उरतात. बॅटरी किती घ्यावी? कडबा कुट्टीचे काय करावे? तिची मोटर दोन एचपीची आहे. आणि पुढच्या वर्षी आम्ही सौर कृषी पंपासाठी अर्ज करणार आहोत, तर त्याच पॅनलवरून घराची बॅटरीही भरता येईल का?

तारजोड (जळगाव)

बॅटरीचा हिशेब रात्रीच्या वापरावर करा. पंखे, दिवे, टीव्ही, खळ्यातला दिवा, झटका मशीन आणि कॅमेरे-इन्व्हर्टरचा निम्मा वापर मिळून रात्रीचे १७०० ते १८०० वॅट-तास होतात. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर (लेड-ॲसिड प्रकारच्या) बॅटऱ्यांत ३६०० वॅट-तास साठतात, पण आयुष्य राखायचे तर निम्मेच वापरावेत, म्हणजे जेमतेम एक रात्र. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेले असले की तुम्ही अडकता. तशा चार घ्याव्या लागतील. २४ व्होल्ट २०० अँपिअर-तासाची एक लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण ५१०० वॅट-तास साठवते आणि त्यातील ४००० हून अधिक वापरता येतात, म्हणजे दोन रात्री निघतात. सुरुवातीला ती महाग वाटेल. वडिलांच्या वयाचा विचार करता, ज्यात दर महिन्याला पाण्याची पातळी पाहावी लागणार नाही तीच घ्यावी, असे मला वाटते.

कडबा कुट्टी या व्यवस्थेवर चालवू नका. दोन एचपी म्हणजे दीड किलोवॅट, आणि सुरू होताना मोटर क्षणभर त्याच्या काही पट प्रवाह ओढते. त्या एका क्षणासाठी पाच किलोव्होल्ट-अँपिअरचा इन्व्हर्टर घ्यावा लागेल, जो उरलेले तेवीस तास रिकामाच वीज खात बसेल. शेतीच्या वाहिनीची पाळी असते तेव्हा दोन दिवसांचा चारा एकदम कापून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सौर पंपाबद्दल बोलायचे तर अर्ज अवश्य करा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. परंतु पंपाची पॅनल एकामागे एक जोडून शेकडो व्होल्टवर नेलेली असतात. त्यातून मधेच दोन तारा काढून घराचा कंट्रोलर जोडला तर कंट्रोलर जळेल, माणसाच्या जिवाला धोका आहे आणि पंपाची हमीही जाईल. पंपाच्या पॅनलवर इतर यंत्रे चालवण्यासाठी खास बनवलेले कंट्रोलर असतात, आणि कडबा कुट्टीचा प्रश्न पुढे त्या मार्गाने सुटू शकतो. अर्ज करताना तशी सोय मिळेल का हे विचारून ठेवा. घराच्या पॅनलसाठी पीएम सूर्यघर योजनेकडे पाहत असाल तर ती महावितरणच्या जाळ्याला जोडलेल्या घरगुती व्यवस्थांसाठी आहे. तुमच्या मळ्याला ती लागू होत नाही.

एक काळजी मात्र घ्या. शेतीच्या वाहिनीची वीज कधी घरात वापरणार असाल तर मध्ये हाताने फिरवायचा चेंजओव्हर स्विच (एका वेळी दोन्हींपैकी एकच वीज जोडणारा) हवाच. तुमच्या इन्व्हर्टरची वीज उलटी तारेत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. लाइन बंद आहे असे समजून तो चढलेला असतो.

खळेवाडी (रावेर तालुका)

मळेकर भाऊ, पॅनलही धाब्यावर नकोत, खळ्यातच लोखंडी सांगाडा उभारा. मात्र काळ्या जमिनीत पाया उथळ ठेवू नका. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि दोन वर्षांत सांगाडा एका बाजूला कलतो. आमचा तसाच कललेला आहे. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या. बाभळीची सावली दुपारी चारनंतर कोठपर्यंत येते ते आजच खुंटी ठोकून पाहा, आणि डिसेंबरमध्ये ती याहून लांब पडेल हे ध्यानात ठेवा. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी उत्पादन बरेच पडते.

पॅनल धुताना बोअरचे क्षाराचे पाणी वापरून तसेच वाळू देऊ नका, पांढरा थर बसतो आणि मग तो निघत नाही. आम्ही पावसाचे पाणी एका टाकीत साठवून ठेवतो आणि पहाटे, काच थंड असताना, मऊ फडक्याने पुसतो.

मळेकर (शिंदखेडा तालुका)

आज सायंकाळी वडिलांनी स्वतः खुंट्या ठोकल्या. बाभळीची सावली खळ्याच्या पश्चिम टोकाला येते, म्हणून सांगाडा विहिरीच्या बाजूला, पूर्वेकडे घेणार आहोत. तेथून धाब्याच्या घराच्या मागच्या खोलीपर्यंतचे अंतर दोरीने मोजले, ते ३१ मीटर भरले. तारजोड साहेब, आपण २५ मीटरसाठी चार चौरस मिलिमीटरची तार धरली होती. ३१ मीटरला ती पुरेल का? आणि काळ्या जमिनीत आर्थिंगचा खड्डा कोठे घ्यावा?

तारजोड (जळगाव)

सहा चौरस मिलिमीटरची घ्या, घट साडेतीन टक्क्यांच्या आत राहील. तार उघडी सोडू नका, पाइपमधून नांगराच्या फाळाखाली, किमान दोन-अडीच फूट खोल न्या, आणि वरून विटा किंवा फरशीचे तुकडे टाका, म्हणजे पुढे कोणी खोदताना कुदळ आधी त्यावर लागेल.

आर्थिंग विहिरीच्या बाजूलाच घ्या, जेथे ठिबकचे किंवा गुरांच्या हौदाचे पाणी झिरपून जमीन उन्हाळ्यातही ओलसर राहते. कोरडी काळी माती भेगाळली की सळईपासून सुटते आणि आर्थिंग नावापुरते उरते. पॅनलचा सांगाडा आणि आसपास वीज पडल्यावर तारेतून येणाऱ्या व्होल्टेजच्या झटक्यापासून यंत्रे वाचवणारे एसपीडी, दोन्ही त्याच आर्थिंगला जाड तांब्याच्या पट्टीने जोडा, पट्टी शक्य तितकी आखूड आणि सरळ ठेवा. एप्रिल-मेमध्ये सालदाराला आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी घालायला सांगा.